हिवाळी परसबाग: घोळाण्याच्या मेथीपासून लेट्युसपर्यंत

महाराष्ट्रात पालेभाजी बाराही महिने निघते, पण कच्ची खाता येईल अशी कोवळी, गोडसर भाजी हवी असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. या हंगामात घरच्या बागेत फसगत होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: बियांची सगळी पाकिटे एकाच रविवारी फोडली जातात. मेथी आणि मुळा ऑक्टोबरच्या उन्हातही बिनतक्रार उगवतात. लेट्युसचे बी त्याच उन्हात मातीत नुसते पडून राहते. आणि थंडीतला फ्लॉवर उकाड्यात लावला तर पानेच पाने देतो, गड्डा धरत नाही. बियागणिक पेरणीचा दिवस वेगळा असतो. शिवाय एकदा पेरून भागत नाही, दर दहा-बारा दिवसांनी थोड्या जागेत नवी पेरणी करत राहावी लागते. एवढी दोन पथ्ये पाळली तर बाकीचे काम अवघड नाही.

कोणते बी कधी

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस चालू असतानाच, फ्लॉवर, कोबी आणि नवलकोल यांचे बी आडोशाला ट्रेमध्ये टाकावे. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात, म्हणजे परतीचा पाऊस ओसरेपर्यंत रोपे लावणीला येतात. पाल्यासाठी करडई पेरायची तीही याच सुमारास.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मेथी, मुळा, पालक, शेपू, हरभरा आणि पातीसाठी कांदा. दुपारी ऊन कडक असले तरी या भाज्या ते सोसतात. ऑक्टोबर संपत आला, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटू लागली, की गाजर, बीट, वाटाणा आणि कोथिंबीर. लेट्युस सगळ्यांत शेवटी. दुपारचा पारा ३० अंशांच्या खाली राहू लागल्याशिवाय ते पेरण्यात अर्थ नाही. घाटावर आणि विदर्भात हे दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोव्यात भर थंडीतही दुपार तिशीच्या आसपासच असते. तिथे डिसेंबरची वाट पाहावी, दुपारची सावली द्यावी आणि सुट्या पानांच्या जातीच लावाव्यात.

शेवटच्या तारखाही लक्षात ठेवाव्या लागतात. वाटाणा नोव्हेंबरअखेर, गाजर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, लेट्युस डिसेंबरअखेर. त्यानंतर पेरलेले पीक ऐन भरात येते तेव्हा उन्हाळा दाराशी असतो. मेथी, पालक आणि मुळा मात्र फेब्रुवारीपर्यंत चालतात.

ऊन आणि जागा

पालेभाज्यांना रोज चार तास थेट ऊन पुरते. मुळा-गाजर आणि कोबी-फ्लॉवरला सहा तास लागतात. जागा निवडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात माध्यान्हीलाही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. गच्चीच्या दक्षिण बाजूला तीन फुटांचा कठडा असेल तर त्याची सावली भर दुपारी पावणेतीन फूट आत येते. पावसाळ्यात उन्हात असलेली कठड्याजवळची कुंडी डिसेंबरात दिवसभर सावलीत जाते आणि मुळा पोसत का नाही हे कळत नाही. म्हणून कुंड्या उत्तरेकडच्या भिंतीशी सरकवाव्यात किंवा विटांवर उचलून ठेवाव्यात. दक्षिणेच्या सावलीच्या कडेला, चार तास ऊन मिळेल अशा जागी, कोथिंबीर आणि लेट्युस खुशाल ठेवता येते.

गच्चीवर वाफा करायचा असेल तर वजनाचा हिशेब आधी करा. भिजलेली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. चार फूट बाय चार फुटांच्या वाफ्यात आठ इंच माती भरली तर पाचशे किलोंच्या आसपास भार होतो. एवढे ओझे स्लॅबच्या मधोमध नको, तुळईवर किंवा भिंतीच्या कडेला हवे. जुनी इमारत असेल तर बांधकाम जाणणाऱ्याला विचारल्याशिवाय वाफा करूच नये, सुट्या ग्रो बॅगा वापराव्यात.

खोली किती? मेथी, पालक, कोथिंबीर, लेट्युस यांना सहा ते आठ इंच. मुळा, गाजर, कोबी आणि फ्लॉवरला बारा इंच. फ्लॉवरच्या एका रोपाला निदान पंधरा लिटरची कुंडी लागते. पालेभाजीसाठी उंच कुंडीपेक्षा पसरट, उथळ भांडे बरे, कारण पाला उंचीवर नाही, जागेच्या पसाऱ्यावर निघतो. बुडाला बोट जाईल एवढी चार-पाच भोके हवीतच.

माती

पावसाळी वेल आणि भेंडी उपटून झाल्यावर माती आठ-दहा दिवस उन्हात पसरून ठेवावी. उलथताना इंग्रजी सी आकाराची पांढरी, जाड अळी दिसली तर ती हुमणी. सगळ्या वेचून काढाव्यात, कारण एक हुमणी कुंडीभर मुळे कुरतडते.

कुंडीसाठी मिश्रण घमेल्याच्या मापाने: दोन घमेली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याची भुकटी), वर दोन मुठी निंबोळी पेंड. माती काळी, चिकट असेल तर एक घमेले भरड वाळू वाढवावी, नाहीतर पाणी दिले की चिखल आणि सुकले की भेगा. कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजली की साधारण सत्तर लिटर होते. ते दोन पाण्यांतून पिळून घ्यावे. नारळाच्या काथ्यात क्षार राहतात आणि न धुता वापरले तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात. मिश्रण ओले करून मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा. फुटला नाही तर आणखी वाळू हवी.

जमिनीत लावायचे असेल तर सहा इंच उंचीचा गादीवाफा करावा, रुंदी तीन ते साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. सपाट वाफ्यावर परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली की वरची माती थापल्यासारखी बसते आणि त्याखालून मेथीचा कोंबसुद्धा वर येत नाही. अशी पपडी धरली तर हलक्या हाताने पाणी शिंपडून ती मऊ ठेवावी, खुरप्याने फोडू नये.

बी पारखून घ्यावे

पेरण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. चौदा-पंधरा रुजल्या तर बी चांगले. दहाच्या खाली रुजल्या तर दुप्पट पेरा किंवा नवे आणा. मेथी, धने, मोहरी, हरभरा स्वयंपाकघरातलेही चालतात, मात्र नव्या हंगामातले असावेत. दुकानातून आणलेले बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले असेल तर त्यावर बुरशीनाशक चोळलेले असते. ते मातीत पेरायला हरकत नाही, पण कोंबासकट खायच्या भाजीसाठी असले बी कधीही वापरू नये.

नेहमीच्या पालेभाज्या

सोलापूर-मराठवाड्याकडे भाकरीबरोबर घोळाणा असतो: कोवळी मेथी, करडई किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून, वर दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि तेल. त्यासाठी मेथी पंचवीस दिवसांच्या आतली हवी. चार-चार इंचांवर ओळी ओढून बी अर्धा इंच खोल पेरावे, एक चौरस फुटाला एक लहान चमचा. तीन ते पाच दिवसांत उगवते. चार माणसांच्या घराला दर दहा दिवसांनी चार चौरस फूट पेरली तर खंड पडत नाही. मुंबईच्या बाजारात मिळणारी समुद्रमेथी ही वेगळी जात नव्हे. तीच मेथी वाळूत दाट पेरून कोवळी असतानाच मुळांसकट उपटलेली असते. उथळ ट्रेमध्ये दोन इंच धुतलेली वाळू घेऊन चौरस फुटाला तीन-चार चमचे बी पसरले, वर वाळूचा पातळ थर दिला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले, की दहा-बारा दिवसांत स्वयंपाकघराच्या खिडकीतही ती तयार होते. खताची गरज नाही, बियातलेच अन्न पुरते.

करडई २५ ते ३० दिवसांत काढायची. त्यानंतर पानांच्या कडांना काटे धरतात आणि ती कच्ची खाण्यासारखी राहत नाही. हरभरा महिन्याचा झाला की शेंडे खुडावेत. खुडल्याने फांद्या फुटतात आणि घाटेही वाढतात, त्यामुळे पाला आणि हरभरा दोन्ही मिळतात.

पालकाचे बी खडबडीत दिसते, कारण ते एक बी नसते. त्या एका गाठीत दोन-तीन बिया चिकटलेल्या असतात. रात्रभर भिजवून, सहा-सहा इंचांवर ओळी ओढून, ओळीत दोन-दोन इंचांवर टाकावे आणि आठ-दहा दिवसांनी एकेका ठिकाणी एकच रोप ठेवावे. काढलेली बारीक रोपे कोशिंबिरीत जातात. पहिली कापणी महिन्याने, जमिनीपासून दोन बोटे वर, मधला कोंब राखून. मग दर बारा-पंधरा दिवसांनी तीन-चार कापण्या मिळतात. आपला पालक हा बीटाचा सख्खा भाऊ आहे, विलायती स्पिनॅच वेगळे. पानांवर गोल तपकिरी ठिपके पाडणारा रोग पालक आणि बीट दोघांना होतो, म्हणून हे दोन वाफे शेजारी नकोत.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार घरोघरी असते. अख्खा धना म्हणजे दोन बियांची जोडी. तो फडक्यात घेऊन लाटण्याने हलकेच दाबून दुभंगावा, पण भरडू नये. मग बारा तास भिजवून, एक दिवस ओल्या फडक्यात बांधून, पाव ते अर्धा इंच खोल पेरावा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि या दिवसांत वरची माती एकदाही कोरडी पडता कामा नये. बहुतेक जण सहाव्या दिवशी धीर सोडून पाणी बंद करतात. कोथिंबिरीची पुनर्लागवड करू नये, मुळे दुखावली की ती लगेच फुलावर येते.

कांद्याची पात सगळ्यांत सोपी. कोंब फुटलेले कांदे चार-चार इंचांवर मान उघडी ठेवून पुरले की महिन्याभरात पात कापता येते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दोन-दोन इंचांवर लावल्या तर हिरवी लसूणही तशीच मिळते.

लेट्युस

लेट्युसवर जास्त लिहिणे भाग आहे, कारण मराठी घरातल्या बागेत ते नवे आहे आणि त्याच्या खोडी वेगळ्या आहेत. सुरुवात सुट्या पानांच्या किंवा सैल गड्ड्याच्या जातींनी करावी: लोलो रोसो, ओकलीफ, बटरहेड, रोमेन. आइसबर्गचा घट्ट गड्डा धरायला दोन-अडीच महिने सलग थंडी लागते, आणि आपल्याकडे मध्येच चार दिवस ढगाळ उकाडा आला की तो सैल पडतो किंवा आतून सडतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

एका ग्रॅममध्ये आठशे ते हजार बिया असतात, म्हणून एका वेळी चिमूटभरच पेरावे. उरलेले बी घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवावे. माती तापलेली असली की हे बी जिवंत असूनही झोपी जाते. त्यावर साधा उपाय आहे. ओल्या टिश्यूवर बी पसरून, डबी बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक ते दोन दिवस ठेवावी. नंतर कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे घेऊन त्यावर बी पसरावे आणि बोटाने नुसते दाबावे. वर मातीचा थर नको, फार तर बी जेमतेम दिसेनासे होईल एवढी भुकटी, कारण बऱ्याच जातींना रुजायला उजेड लागतो. फवाऱ्याने ओल ठेवावी. चार ते सहा दिवसांत कोंब दिसले की ट्रे त्याच दिवशी सकाळच्या उन्हात आणावा. दोन दिवस उशीर झाला तरी रोपे दोऱ्यासारखी लांबतात आणि आडवी पडतात, मग ती सावरत नाहीत.

चार पाने आली, म्हणजे तीन आठवड्यांनी, संध्याकाळी लावणी करावी. सुट्या पानांच्या जातींना आठ इंच, रोमेनला दहा ते बारा इंच अंतर. रोपाचा गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर पाणी साचून आठवड्यात कुजतो. पहिले चार-पाच दिवस दुपारी शेडनेट धरावी.

लेट्युसची मुळे उथळ असतात, म्हणून थोडे पाणी पण रोज द्यावे. दोन दिवस कोरडे आणि मग भरपूर, असे झाले की दोन दुखणी लागतात. पाने कडू होतात, आणि आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडतात. या करपलेल्या कडा म्हणजे कॅल्शियम कोवळ्या पानापर्यंत पोहोचले नाही. बहुतेक वेळा ते मातीत असते, पोहोचवणारे पाणी खंडित झालेले असते. चुना घालून उपयोग होत नाही, पाण्याची वेळ सांभाळावी.

लावणीनंतर महिन्याभराने बाहेरची पाने खुडायला घ्यावीत, आतली पाच-सहा राखून. असे एक रोप दीड महिना पाने देते. फेब्रुवारीत मधला दांडा उंचावू लागला, पाने टोकदार झाली आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक जास्त येऊ लागला, की रोप फुलावर चालले. त्या दिवशी सगळेच कापून घ्यावे, आठवडाभर थांबले तर खाववत नाही. एखादे चांगले रोप बियाला सोडता येते. लेट्युसचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे संकरित नसलेल्या जातीचे बी पुढच्या वर्षी तसेच निघते.

लेट्युसच्या जोडीला दोन गोष्टी जरूर कराव्यात. अख्खे वाळलेले हिरवे वाटाणे रात्रभर भिजवून ट्रेमध्ये खेटून पेरले तर दोन आठवड्यांत पाच-सहा इंचांचे कोंब कापायला मिळतात, चवीला थेट मटारासारखे. आणि मोहरीचा कोवळा पाला, जो तीन आठवड्यांत कोशिंबिरीला छान तिखटपणा देतो.

मुळा, गाजर, बीट

ही पिके जागेवरच पेरायची, रोपे करून लावायची नाहीत. मूळ वाकडे होण्याची कारणे तीन: खडे, कडक माती आणि कच्चे शेणखत. या वाफ्याला खत आधीच्या पिकाला घातलेले असावे किंवा पूर्ण कुजलेले. कुजलेल्या शेणखताला मातीचा वास येतो, शेणाचा नाही, आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही.

मुळा ओळीत तीन-चार इंचांवर. लाल गोल मुळा महिन्यात, पांढरा लांब दीड महिन्यात. ठरल्या दिवसापेक्षा आठवडाभर जास्त ठेवला की आतून भेंड होतो. पाणी कमी पडले किंवा उकाडा वाढला की झणझणीत होतो. दोन रोपे मुद्दाम फुलू द्यावीत, त्यांच्या कोवळ्या डिंगऱ्या कच्च्या खायला मुळ्यापेक्षाही सरस लागतात.

गाजराचे बी बारीक, म्हणून चारपट कोरड्या वाळूत मिसळून पेरावे आणि ओल्या गोणपाटाने झाकावे. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात. सातव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहावे आणि पहिला कोंब दिसताच काढून टाकावे. दोन इंचांवर विरळणी केली नाही तर बोटाएवढीच गाजरे मिळतात. पुसा केसरसारखी देशी लाल जात ऑक्टोबरच्या उबेतही चालते. नांटेसला थंडी हवी, नाहीतर रंग फिका पडतो. माथा उघडा पडला की हिरवा होतो, त्यावर माती चढवावी. बीटाचे बी पालकासारखेच गाठीचे असते, भिजवणे आणि विरळणी तशीच, अंतर चार इंच. कोवळा लाल पाला सॅलडमध्ये घ्यावा.

फ्लॉवर, कोबी, नवलकोल

फ्लॉवरमध्ये जातीची निवड म्हणजे अर्धे पीक. लवकरच्या जाती, उदाहरणार्थ पुसा दीपाली, २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. स्नोबॉल गटाला १० ते १६ अंश लागतात. कोकणात आणि मुंबईत स्नोबॉल लावून उपयोग नाही. घाटावरही ते नोव्हेंबरात लावायचे. पाकिटावर नुसते ‘फ्लॉवर’ लिहिलेले असेल तर ते घेऊ नये.

रोपे चार-पाच पानांची असताना लावावीत, दीड फूट अंतरावर. ट्रेमध्ये दीड-दोन महिने ताटकळलेली रोपे स्वस्तात मिळाली तरी नको. अशा रोपांना लिंबाएवढे गड्डे धरतात आणि तिथेच वाढ थांबते. नत्र कमी पडले किंवा पाण्याचा ताण बसला तरी हेच होते. लावणीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपाला दोन मुठी गांडूळखत देऊन मातीची भर द्यावी. गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची पाने वर ओढून सुतळीने सैल बांधावीत, म्हणजे तो पांढरा राहतो. आठवड्याभरात काढणीला येतो. गड्ड्यावर तपकिरी डाग आणि देठ आतून पोकळ असेल तर बोरॉन कमी आहे. लिटरला एक ग्रॅम बोरॅक्स एकदाच फवारावे, जास्त झाले तर पाने जळतात. कोकणच्या आंबट जांभ्या मातीत मॉलिब्डेनम मिळत नाही आणि पाने चाबकासारखी अरुंद होतात. तिथे लावणीच्या दोन आठवडे आधी चौरस मीटरला १०० ग्रॅम शेतीचा चुना मिसळावा.

कोबीला गोल्डन एकर ही लहान गड्ड्याची जात घरासाठी योग्य, सव्वा फुटावर. नवलकोल आठ इंचांवर, लावणीनंतर दीड-पावणेदोन महिन्यांत दोन-तीन इंच व्यासाची झाली की काढावी. मोठी होऊ दिली तर जून, धाग्याची होते. कोवळी नवलकोल किसून कच्ची खावी.

वाटाणा अर्केल जातीचा घ्यावा, झुडूप दीड-दोन फुटांचेच राहते आणि दोन महिन्यांत शेंगा येतात. एक-एक फुटावर ओळी ओढून, ओळीत चार इंचांवर पेरून तुरीच्या काट्या किंवा जाळीचा आधार द्यावा.

कच्चे खायचे म्हणून खताचे पथ्य

शिजवायच्या भाजीला चालते ते सगळे सॅलडच्या पाल्याला चालत नाही. ताजे शेण, शेणाची स्लरी, जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले द्रव खत) हे कच्च्या खायच्या पाल्यावर कधीही शिंपडू नये, त्यातले जंतू पानांवर राहतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या मानकांत मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी कच्चे शेण आणि काढणी यांत १२० दिवसांचे अंतर सांगितले आहे. आपली मेथी पंचवीस दिवसांत निघते, म्हणजे कच्च्या शेणाला तिथे जागाच नाही. कुजलेले खत पेरणीआधी मातीत, आणि नंतर गरज पडली तर शेंगदाण्याची पेंड: १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात दोन दिवस भिजवून, दहापट पातळ करून, फक्त मुळाशी. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. पाणीही पिण्याच्या टाकीतले द्यावे, न्हाणीघरातले सांडपाणी या वाफ्याला नको.

पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी पाने ओली राहिली की थंडीत केवडा, म्हणजे पानांवर पिवळे डाग पाडणारा बुरशीचा रोग, येतो.

कीड आणि रोग

ट्रेमधली रोपे बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर पेरणी दाट झाली आहे आणि पाणी जास्त. घमेलेभर मिश्रणात एक चमचा ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) पेरणीआधी मिसळला तर हे बरेच टळते.

मोहरी, मुळा, कोबीच्या पानांमागे चिकट, हिरवट-करडा मावा बसतो. पहिल्या दिवशीच पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा. ढालकिडे दिसले तर आणखी काही करू नये, ते मावा संपवतात. फारच वाढला तर लिटरभर कोमट पाण्यात आधी एक मिलि द्रव साबण आणि मग पाच मिलि निंबोळी तेल मिसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या मागून फवारावे. साबण आधी घातला नाही तर तेल वर तरंगते आणि पाने भाजतात. फवारलेला पाला निदान चार दिवस खाऊ नये.

कोबी-फ्लॉवरच्या पानांना खिडकीसारखे पातळ चट्टे आणि मग भोके पडत असतील तर चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या आहेत. हात लावला की वळवळतात आणि धाग्याने खाली लोंबतात. लावणीच्या दिवशीच मच्छरदाणीचे कापड ताणून बसवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. शेजारी मोहरीची एक ओळ असेल तर पतंग तिकडे अंडी घालतो, ती ओळ मग उपटून टाकावी. अळ्या लहान असताना अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूची पावडर संध्याकाळी फवारली तरी चालते.

पालकावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. ती पानाच्या आत असते, फवारून पोहोचत नाही. पान खुडून चुरडावे. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्री वाफ्याशी टाकावे आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. वाटाण्यावर जानेवारीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येतेच. वेळेत पेरलेला वाटाणा तोवर निम्मा निघालेला असतो.

काढणी

कच्चा खायचा पाला सूर्य वर येण्याआधी काढावा, तेव्हा पाने पाण्याने भरलेली असतात. दुपारी काढलेले लेट्युस तासाभरात मान टाकते. तसे झालेच तर दहा-पंधरा मिनिटे गार पाण्यात बुडवून ठेवावे, बहुतेक सावरते. दोन-तीन पाण्यांत धुऊन, निथळून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवले तर लेट्युस आणि पालक चार-पाच दिवस टिकतात. पाणी तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी कडा काळ्या पडतात. मेथी मात्र न धुता, मुळे कापून, कागदात गुंडाळून ठेवावी आणि खायच्या वेळी धुवावी.